परांचीवालीची अट

मी, खाली सही करणारी, जिला हा सगळा बाजार परांचीवाली बाई म्हणून ओळखतो आणि घरात कोणी ताई, कोणी वन्सं, तर कोणी आत्या म्हणून हाक मारतं, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात पुढे "कोणाच्याही दबावाशिवाय" असे शब्द होते. ते मी खोडले. दबाव आहे. घरच्यांचा आहे, डॉक्टरांचा आहे, उद्याच्या ऑपरेशनचा आहे. मी एवढंच लिहून देते की दबावाखाली लिहिलेलं असलं तरी लिहिलेलं माझं आहे.

नमुन्यात जीवनाचा भरवसा नाही असंही एक वाक्य होतं. ते मला कोणी शिकवायला नको. जन्मभर मी लोखंडी पाईप उभे केले, त्यांवर फळ्या टाकल्या आणि त्या फळ्यांवर माणसं चढवली. इमारत रंगवायची असो, भिंतीचा गिलावा करायचा असो की वरची खिडकी बदलायची असो, आधी परांची लागते, आणि या भागात परांची म्हणजे आमचं यार्ड. काम संपलं की आमचं सगळं उतरवून नेतात. उभं राहतं ते दुसऱ्याचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं, धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी रुसून. त्यात तिच्यावर फार अन्याय होता. ते रद्द समजावं.

१. राहतं घर. हे माझा भाऊ आणि भावजय या दोघांना मिळून देते. भाऊ शाळेत भूगोल शिकवतो. जगातले सगळे समुद्र त्याला तोंडपाठ आहेत आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं म्हटलं की त्याला सर्दी होते. घराच्या मागच्या भिंतीला ओल येते. ती त्याने स्वतः दुरुस्त करायला जाऊ नये. मागे त्याने नळ दुरुस्त केला होता तेव्हा शेजाऱ्यांचंही पाणी बंद पडलं होतं. दिवाणखान्यातला तपकिरी सोफा भावजयीने माझ्या मनाविरुद्ध आणला, म्हणून मी हट्टाने लाकडी खुर्चीतच बसत आले. सोफा चांगला आहे. घरी कोणी नसताना मी बसून पाहिलं आहे.

२. बँकेतली ठेव. ही सगळी धाकट्या बहिणीला, आणि फक्त तिलाच. तिचा नवरा विमा विकतो. तो मनाने वाईट नाही, पण भेटेल तेव्हा मला माझ्याच मरणाचे फायदे समजावून सांगतो. ठेवीचं काय करावं याबद्दल त्याने बहिणीला सल्ला देऊ नये. तो देणारच, तेव्हा तिने तो ऐकून घ्यावा आणि करायचं ते करावं.

३. अ‍ॅल्युमिनियमची घडीची शिडी. ही शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी पाटी बदलायला म्हणून नेली आणि अजून परत केलेली नाही. मध्यंतरी मी ती त्यांच्या जिन्याखाली पाहिली, हिरव्या रंगाने बरबटलेली. डॉक्टर या मृत्युपत्राला साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकीलबाई सांगतात. बरं झालं. शिडी घासून, पुसून यार्डात आणून द्यावी.

४. यार्ड. सगळे पाईप, फळ्या, क्लॅम्प, दोर, लॉरी आणि चालू कामं मुकादमाला देते. वडिलांच्या वेळी तो पोरगेला होता, आता त्याचे गुडघे वाजतात. त्याला हिशेब जमत नाही. त्यासाठी त्याने कोणी ठेवावं. एक रीत मात्र मोडायची नाही. आमच्या यार्डाची परांची उभी राहिली की तिच्यावर पहिलं पाऊल मालकाचं पडतं. कामगारांचं नाही, मुकादमाचं नाही, मालकाचं. खालपासून वरपर्यंत प्रत्येक फळीवर पाय आपटत जायचं, वरून हात करायचा, मग बाकीच्यांनी चढायचं. बाजारात लोक यावरून मला धीराची बाई म्हणतात. धीर वगैरे काही नव्हता. प्रत्येक वेळी मी घाबरतच चढले, आणि खाली आल्यावर मी लॉरीमागे जाऊन बसत असे. मुकादमाला हे माहीत आहे. तो तेवढा वेळ लॉरीच्या मागे कोणाला येऊ देत नसे. उद्यापासून त्याने हे करायचं आहे आणि त्याच्यासाठी लॉरीपुढे कोणीतरी उभं राहायचं आहे.

इथवर लिहिणं सोपं होतं. घर, ठेव, शिडी, रुसवे वाटून टाकले. आता ज्यासाठी घरचे गेले काही आठवडे माझ्या मागे लागले आहेत, ते कलम आलं.

भावाला एकच मुलगी आहे. तिला यार्डात सगळे थांबा म्हणतात. शाळा आमच्या कुंपणाला लागून होती, त्यामुळे सुटल्यावर ती घरी जाण्याआधी माझ्याकडे यायची. कोणी पाईप उचलला की ती म्हणायची, "थांबा." क्लॅम्प पाहायची, हात लावायची, मग मान हलवायची. लहान होती तेव्हा माणसांना गंमत वाटायची. मोठी झाली, बांधकामाची पदविका घेऊन आली, तरी सवय गेली नाही. घरीसुद्धा तेच. गॅस बंद केला का, थांबा, पाहून येते. पोळी भाजताना थांबा, रस्ता ओलांडताना थांबा. तिच्याबरोबर बाहेर निघणं म्हणजे लवकर निघणं.

या मुलीने सैन्यात अधिकारी व्हायचं ठरवलं.

तिने ते जेवताना सांगितलं. भावाला ठसका लागला. त्याने पाणी पिऊन पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "अगं, तुला परवा कोळी मारता आला नाही. तू पेल्यात घेऊन बाहेर सोडून आलीस." भावजय म्हणाली, "तिला ओरडता कुठे येतं? दुकानदाराने नासकं दूध दिलं तर ती त्यालाच सॉरी म्हणून येते." बहिणीचा नवरा विमेवाला त्या दिवशी जेवायला होताच. तो म्हणाला, "अधिकाऱ्याला चला म्हणता यावं लागतं. हिला एकच शब्द येतो." सगळे हसले. थांबाही हसली. मी हसले नाही.

त्यांच्या हसण्याला कारण होतं, तेही इथे लिहिते. गेल्या वर्षी पाण्याच्या उंच टाकीला रंग द्यायचं काम आलं. परांची आमची. वरच्या टप्प्यावरचं काम मी थांबाकडे दिलं होतं. मी खाली फाटकाशी टाकीवाल्यांच्या साहेबाबरोबर उभी होते. दुपारी वारा सुटला, फार नाही, कपडे वाळावेत इतपत. थांबा वर काहीतरी बोलली. तिचा आवाज माझ्यापर्यंत आलासुद्धा नाही. पण वरची माणसं हातातलं खाली ठेवून उतरायला लागली, धक्काबुक्की न करता, एकामागून एक. सगळ्यांत शेवटी ती उतरली.

साहेबाने विचारलं, "काय झालं?"

ती म्हणाली, "वाऱ्याचा आवाज बदलला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नक्की माहीत नाही. पण आज वर नको."

साहेब माझ्याकडे बघायला लागला. मी मुलीच्या बाजूने उभी राहिले. काम बंद. आता एखाद्या गोष्टीत वारा वाढला असता, परांची कोसळली असती आणि सगळ्यांनी तिचे पाय धरले असते. तसं काही झालं नाही. परांची त्या दिवशी उभी राहिली, दुसऱ्या दिवशीही उभी राहिली, खुंटासारखी. मी वर जाऊन एकेक सांधा पाहिला. काही सैल नव्हतं. साहेबाने ते काम पलीकडच्या गल्लीतल्या शिडीवाल्याला दिलं. तेव्हापासून आमच्या घरात पंखा कुरकुरला तरी भाऊ म्हणतो, "वाऱ्याचा आवाज बदलला हो!" आणि मुलगी मान खाली घालून हसते.

ती बरोबर होती असं मी म्हणत नाही. बहुधा चूकच होती. पण त्या संध्याकाळी मुकादम मला काय म्हणाला ते घरात कोणाला माहीत नाही. तो म्हणाला, "बाई, पोरगी उतरा म्हणाली आणि आम्ही उतरलो. का उतरलो, हे मी जमिनीवर पाय टेकल्यावर विचारलं स्वतःला. तुमचंसुद्धा मी एवढं ऐकत नाही."

तो कौतुकाने बोलत होता. मी विषय बदलून त्याला घरी पाठवलं.

घरच्यांना वाटतं ती लायक नाही. माझी भीती वेगळी आहे. तिचा शब्द माणसं ऐकतात. न ओरडता, न धमकावता ऐकतात. आज ती उतरा म्हणाली. उद्या तिला जा म्हणावं लागेल, आणि ती म्हणेल, त्याच आवाजात, आणि लोकांची पोरं जातील.

सैन्याच्या निवडीला ती पहिल्यांदा गेली तेव्हा नापास होऊन आली. तिथे म्हणे फळ्या, दोर आणि पिंप देतात आणि सगळ्या गटाला घेऊन खड्डा ओलांडायला सांगतात. आमच्या घरात जन्मलेल्या मुलीला फळ्या आणि दोर! मला वाटलं, ही तर पहिली येणार. तिने काय करावं? एक फळी उचलली, वाकवली, आणि गटाला म्हणाली, थांबा, ही चालणार नाही. दुसरी घेतली, तीही चालणार नाही. मग वेळ संपली. असली चूक दुसऱ्या कोणत्याही घरच्या मुलीने केली नसती. ती परत आली त्या दिवशी भावजयीने गोड केलं, म्हणाली, "असंच, बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं." मीही दोनदा वाढून घेतलं.

ती पुन्हा गेली. या वेळी तिला घेतलं. मी तिला यार्डात गाठून विचारलं, "फळीचं काय केलंस?"

"एक होती जरा शंकेची," ती म्हणाली. "मी आधी पाय ठेवला. टिकली. मग बाकीचे आले."

"शंकेच्या फळीवर? इथे असं केलं असतंस तर मी तुला घरी हाकललं असतं."

"फळी वाईट नव्हती, आत्या. फक्त खात्री नव्हती. वाईट आणि खात्री नसलेली, यांत फरक असतो. मला आधी तो कळत नव्हता."

तिला जे शिकायचं होतं ते ती शिकून आली होती, आणि ते माझ्याकडे शिकली नव्हती.

याच सुमारास माझ्या पोटातल्या गाठीचं निघालं. हॉस्पिटलचे डॉक्टर गोड बोलतात, त्यावरूनच काय ते समजले. घरचे दिवाणखान्यात जमले. मला सोफ्यावर बसवायला बघत होते, मी खुर्चीत बसले. विमेवाल्याने विषय काढला. "ताई, ती फक्त तुमचं ऐकते. यार्ड तिच्या नावावर करा, पण अट घाला. सैन्यात गेली तर काही मिळणार नाही. अशी अट कायद्याने घालता येते, मी विचारलं आहे."

भाऊ म्हणाला, "ताई, मी एरवी कधी काही मागत नाही."

हे खोटं आहे, तो सारखं काही ना काही मागतो. पण त्याचा चेहरा पाहून मी तसं म्हणाले नाही.

नंतर स्वयंपाकघरात मी भावजयीला धरलं. म्हटलं, "तुझी मुलगी आहे. तिला सगळ्यांसमोर नालायक म्हणायला तुला बरं वाटतं का?"

ती कप विसळत होती. विसळलेलाच कप पुन्हा पुन्हा विसळत होती. म्हणाली, "वन्सं, मी रोज म्हणते. मोठ्याने म्हणते. तिला ओरडता येत नाही, तिला जमणार नाही, ती रडूबाई आहे. मला वाटतं, मी पुरेशा वेळा म्हटलं तर त्या लोकांनाही ते पटेल. ते तिला परत पाठवतील." मग तिला हुंदका आला. तिच्याबद्दल माझ्या मनात जी काही जुनी अढी होती ती त्या मोरीपाशी संपली. घर तिच्याही नावावर केलं आहे त्याचं कारण हे आहे.

थांबाने माझं काम आणखी अवघड करून ठेवलं. तिला उद्यापर्यंत होकार कळवायचा आहे. परवा ती हॉस्पिटलचे कागद घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. मनापासून सांगते. रुसणारही नाही."

म्हटलं, "कशाला जायचंय गं तुला? इथे काय कमी आहे?"

तिने हातातले कागद नीट सारखे केले. मग म्हणाली, "जाणारे जाणारच आहेत ना, आत्या. त्यांना कुणीतरी सांगणारच आहे, इकडे जा, तिकडे थांबा. ते सांगणारं कोण असावं?"

तिला मरण येईल ही भीती आहेच. फोन वाजला की आत्ताच, ती लॉरीपाशी उभी दिसत असतानाही, मला धसकायला होतं. पण त्याहून मोठी एक भीती आहे, आणि ती समजण्यासाठी माझ्या वडिलांबद्दल लिहिणं भाग आहे.

हे यार्ड वडिलांनी सुरू केलं. त्यांचा एक जोडीदार होता, उंच, सदा शीळ घालणारा. एका थिएटरच्या दर्शनी भागाला परांची लावली होती. आभाळ भरून आलं आणि वरचा एक पत्रा सुटून फडफडायला लागला. खाली रस्ता, रस्त्यावर माणसं. वडील म्हणाले, "वर जा आणि तो पत्रा बांधून ये." बरोबर सांगितलं. कोणीही तेच सांगितलं असतं. जोडीदार गेला, पत्रा बांधला, आणि उतरताना पडला. चौकशी झाली. कोणाचीही चूक निघाली नाही. त्याच्या बायकोनेसुद्धा वडिलांना दोष दिला नाही.

पण लोक घरी यायला लागले. चांगले लोक, आपले लोक, सांत्वनाला आलेले. जेवायला बसले की कोणीतरी विचारायचं, "तो आपणहून चढला की तुम्ही सांगितलंत?" "दुसरं कोणी नव्हतं का हो पाठवायला?" "जाताना काही म्हणाला का?" वडील प्रत्येकाला उत्तर देत. हातातला घास तसाच राहायचा. तीच हकिगत, तेच शब्द, पाहुणा बदलला की पुन्हा पहिल्यापासून. काही दिवसांनी ते पानावर येईनासे झाले. यार्डात उभ्याने खायचे. मग बोलणं कमी झालं. मग आमच्याकडे बघणंही. ते त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. पहिलं पाऊल मालकाचं ही रीत त्यांनीच घातली आणि रोज सगळ्यांच्या आधी वर चढत राहिले. माणूस घरात होता आणि आम्हांला वडील नव्हते. जोडीदार पडला त्याने ते मोडले नाहीत. विचारून विचारून मोडले.

ज्या मुलीला कोळी मारवत नाही तिच्या शब्दावर उद्या माणसं जातील. काही परत येणार नाहीत. तिचं चुकलेलं असेल किंवा नसेल. ती घरी येईल, आणि भाऊ तिला प्रेमाने विचारील. विमेवाला विचारील. शेजारी विचारतील. ती जातीची प्रामाणिक, प्रत्येकाला उत्तर देईल.

म्हणून,

५. अट. होय, मी अट घालत आहे. विमेवाल्याने खात्री करून घेतलीच आहे की कायद्याने ती घालता येते. फक्त ती थांबावर नाही. ज्यांना ज्यांना या मृत्युपत्राने काही मिळालं आहे, त्या सगळ्यांवर आहे. थांबा रजेवर, निवृत्त होऊन, जखमी होऊन किंवा नोकरी सोडून, कशीही परत आली, तर तिने तिथे कोणाला काय सांगितलं, कोण गेलं आणि कोण आलं नाही, हे तिला कोणीही विचारायचं नाही. ती आपणहून बोलली तर ऐकावं, संपेपर्यंत ऐकावं, आणि मध्ये "मग तू काय केलंस?" असं म्हणू नये. जेवायला हाक मारावी. पान वाढावं. जो विचारील त्याचा घरातला, ठेवीतला, यार्डातला हिस्सा त्या दिवसापासून रद्द होऊन थांबाकडे जाईल. भावा, हे तुलाही लागू आहे. तुला सगळ्यांत जास्त.

वकीलबाई म्हणाल्या, "बाई, हे कोर्टात टिकायचं नाही. कोणी विचारलं हे सिद्ध कसं करणार?" मी म्हटलं, कोर्टात टिकायला नकोच आहे. जेवणाच्या टेबलावर टिकलं की झालं.

६. ऑफिसवरची खोली. ही थांबाला. एक पलंग, एक टेबल, यार्डाकडे उघडणारी खिडकी. ही भाड्याने द्यायची नाही, तिथे सामान रचायचं नाही, आणि किल्ली मुकादमाकडे राहील. ती सैन्यात गेली तरी खोली तिची, नाही गेली तरी तिची, आठवड्याभरात कंटाळून परत आली तरी तिची. याखेरीज तिला मी काही देत नाही. यार्ड दिलं असतं तर तिला वाटलं असतं की आपल्यामुळे एवढ्या माणसांची कामं अडली आहेत, आणि तिने मागे वळून पाहिलं असतं. मला तिला मागे ओढायचं नाही. म्हणजे, ओढायचं आहे. फार ओढायचं आहे. पण मी तसं करणार नाही.

७. ती परत आलीच नाही तर खोलीचं काय करावं, असं एक कलम हवं, असं वकीलबाईंचं म्हणणं पडलं. ते मी लिहायला घेतलं. दोनदा घेतलं. कागद फाडून टाकला. त्या बाबतीत कायद्याने जे होतं ते होऊ द्यावं. माझ्या हातून ते वाक्य लिहिलं जात नाही. हे कलम कोरं ठेवलं आहे, नजरचुकीने राहिलेलं नाही.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. थांबाला उत्तर उद्या द्यायचं आहे. म्हणून सही करण्याआधी मी तिला इथे वर, ऑफिसवरच्या खोलीत बोलावून घेतलं, वकीलबाई आणि दातांचे डॉक्टर समोर असताना. नंतर कोणी म्हणायला नको की आत्याने कागदावर एक लिहिलं आणि तोंडाने दुसरं सांगितलं. ती हात पुसत आली.

"कळवलंस का त्यांना?" मी विचारलं.

"उद्यापर्यंत वेळ आहे."

"आज कळव."

"काय कळवू?"

"येते म्हणून कळव." एवढं बोलायला मला जिना चढून आल्यासारखा दम लागला.

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती पांढरीफटक पडली. भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, मला खूप भीती वाटते. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बघ."

"मलाही वाटते," मी म्हटलं. "तुझ्यासाठी वाटते, आणि उद्यासाठीही वाटते."

ती येऊन माझ्या पायांशी बसली. दातांचे डॉक्टर खिडकीतून बाहेर बघायला लागले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "उद्या मी येते तुझ्याबरोबर. आतपर्यंत."

"आत येऊ देत नाहीत गं. दारापर्यंत ये."

"मग दारापर्यंत," ती म्हणाली, आणि फोन करायला खाली गेली. ती काय बोलली ते मी विचारलेलं नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला आहे, खाडाखोड माझी आहे, आणि ही खाली केलेली सही वाकडी आली असली तरी माझीच आहे.

सही: परांचीवाली बाई

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम पाच टिकणार नाही हे मी त्यांना पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं.

साक्षीदार दुसरे: शेजारचे दातांचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. सही करताना त्यांचा हात थरथरत होता. तो आजाराने नव्हे, भीतीने, असं नोंदवायला त्यांनी मला सांगितलं, म्हणून नोंदवत आहे.

ठिकाण: यार्डाच्या ऑफिसवरची खोली

दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचा. आकडा वकीलबाईंनी घालावा, मी आता खाली पोरीपाशी जाते.